मावशी त्यांना ‘तो’ म्हणायची

धायरीत फ्लॅट घ्यायचं ठरलं तेव्हा आईनं एकच अट घातली होती, की ओटा खिडकीला लागून हवा. बिल्डरच्या माणसानं सँपल फ्लॅट दाखवला तर ओटा खिडकीपासून चांगला लांब. आईनं नाक मुरडलं. यापेक्षा शनिवार पेठेतल्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्या बऱ्या, असं ती जिन्यातच म्हणाली, आणि तेही त्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं. मग आम्ही खाली गेटपाशी आलो. गेटच्या डाव्या हाताला, खडीच्या ढिगाशेजारी, बाबा बसले होते. सिमेंटचे, ऑइलपेंटनं रंगवलेले, एक हात वर केलेले. आईनं चपला काढल्या, चौथऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मला म्हणाली, “हाच घे.” ओट्याचं नाव तिनं परत काढलं नाही.

ती जमीन पूर्वी एका शेतकऱ्याची होती आणि तो शेतकरी बाबांच्या पंथातला. जमीन देताना त्यानं बिल्डरला बजावलं होतं की बांधावर बसवलेले बाबा जागचे हलणार नाहीत. बिल्डरला काय, त्यानं गेट जरा उजवीकडे सरकवलं. शेतकऱ्याला जमिनीच्या बदल्यात आमच्याच सोसायटीत फ्लॅट मिळाले, त्यातल्या एकात तो आणि त्याची म्हातारी बायको राहायला आली. बाकी सगळे आमच्यासारखे. कुणी पेठांतून आलेले, कुणी नागपूर-अमरावतीकडून नोकरीसाठी आलेले, सकाळी कंपनीच्या बसनं हिंजवडीला जाणारे आणि दिवस मावळल्यावर परतणारे. आमच्यातल्या बहुतेकांना बाबा म्हणजे कोण हेही माहीत नव्हतं. गाडी वळवताना लागणारा एक अडथळा, एवढीच त्यांची ओळख.

सोसायटीत पेठेतली माणसं असल्यामुळं लवकरच तिथं पाटी लागली. ‘हे बाबांचे स्थान आहे. येथे स्कूटर लावू नये. लावल्यास बाबा काही करणार नाहीत, आम्ही हवा सोडू.’ शेतकरी काकांना ती पाटी फार आवडली होती. त्यांना तिच्यात भक्ती दिसली.

बाबांचं नाव इथं लिहीत नाही. आमच्या घरात ते कधी घेतलंच जायचं नाही, नुसतं ‘बाबा’. एका लहानशा पंथाचे ते संस्थापक. पंथाचा मठ पुण्याबाहेर होता आणि बाबा मी कॉलेजात असतानाच गेले होते. माझ्या आईला त्यांनी काय दिलं ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. माझे वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. आलेल्या बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि आई जी कोपऱ्यात बसली ती बसलीच. शेजारच्या एका बाईंनी ओढून तिला मठात नेलं. बाबांनी तिला काही विचारलं नाही. समोरच्या ताटातलं कुंकू घेऊन भर सभेत तिच्या कपाळाला लावलं आणि म्हणाले, “हे तुला तुझ्या आईनं लावलं होतं, नवऱ्यानं आणलं नव्हतं. मग तो गेल्यावर पुसायचं कशाला?” दुसऱ्या महिन्यात आई वडिलांच्या जागेवर त्यांच्या ऑफिसात रुजू झाली. कपाळावर कुंकू लावून. ऑफिसातल्या बायका पहिले काही दिवस तिच्याशेजारी डबा खायला बसत नसत. मग बसू लागल्या. ही गोष्ट आईनं मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी तिथं हजर होते असंच मला वाटतं.

मी स्वतः बाबांना मानत नव्हते आणि मानत नव्हते असंही म्हणता येत नाही. आईसोबत मठात जायचे, प्रसादाचा शिरा खायचे. पुढं माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दिवसभर एकच प्रश्न: पास की फेल. अर्धवट पास असं काही नसतं, आणि कुणी तसं लिहून आणलं तर मी ते परत पाठवायचे. या सवयीनं मला घरात फार त्रास दिला.

आता मावशी. आईची धाकटी बहीण, एकुलती एक. वडील गेल्यावर ती नुकतीच बी.ए. होऊन आमच्याकडे राहायला आली, आईला आधार म्हणून. आईसोबत मठात जायची, तिथं सेवाही करायची. वर्षभरानं तिला बँकेत नोकरी लागली, ती आधी होस्टेलवर आणि मग वारज्यात स्वतःच्या जागेत राहायला गेली. लग्न केलं नाही. दर रविवारी आमच्याकडे यायची, जेवायची, आईशी भांडायची, आणि संध्याकाळी जायची. दोघींना एकमेकींवाचून करमत नसे आणि एकमेकींसोबत पटत नसे.

आई बाबांविषयी बोलायची ती आदरानं. बाबा म्हणायचे, बाबा आले, त्यांनी सांगितलं. मावशी मात्र त्यांना ‘तो’ म्हणायची. ‘तो असं म्हणायचा ना?’ ‘त्याला काय जातंय सांगायला!’ लहानपणी मला हे ऐकून दचकायला व्हायचं. मी आईला विचारलं, तर तिनं मला समजावलं की आपण देवाला अहो-जाहो करतो का? आईला करतो का? जो फार जवळचा, त्याला एकेरी. मठातल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा मावशीकडं कौतुकानं बघायच्या. हिची भक्ती मोठी, म्हणायच्या, आपल्याला जमायचं नाही. पुढं मावशी मठात जाईनाशी झाली. तेव्हा आई म्हणायची, तिला जायची गरजच उरली नाही. धायरीच्या गेटातून मावशी चपला न काढता, तिकडं न बघता सरळ आत यायची, तेव्हाही आई म्हणायची की ती या सगळ्याच्या पलीकडं गेली आहे. एकदा आईनं मठातला प्रसाद पुढं केला तर मावशी म्हणाली, “त्याचं मला काही नको.” आई मला हळूच म्हणाली, “बघ, हिचं काहीही मागणं नाही त्यांच्यापाशी. आम्ही मेले रोज काहीतरी मागतो.”

इतकी वर्षं आमच्या घरात हे असंच चाललं. आपल्याकडं देवाशी भांडायची, त्याला नाही नाही ते बोलायची रीतच आहे, त्यामुळं कुणाला काही खटकलं नाही. दुसऱ्या एखाद्या भाषेत हा घोटाळा झाला असता की नाही, मला सांगता येत नाही.

मग एका संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. पंथातल्या काही बायका पुढं येऊन बोलत होत्या. तोंडावर पदर घेतलेल्या, आवाज बदललेले. तरुणपणी मठात सेवेला असताना बाबांनी आपल्याशी काय केलं ते सांगत होत्या. मी ऑफिसातून नुकतीच आले होते, हातात पर्स तशीच. आईनं सगळं ऐकलं. मग रिमोट घेऊन आवाज बंद केला, आणि चित्र तसंच चालू ठेवून ती बघत राहिली. “खोटं आहे,” म्हणाली. “माणूस गेल्यावर बोलायला काय लागतं?” मला तिचा राग आला, आणि त्या बायकांचाही आला. राग नेमका कुणाचा हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या बायकांना मी ओळखत नव्हते; आईला ओळखत होते; आणि त्या बायका खोटं बोलत नाहीत हे मला पहिल्या मिनिटात कळलं होतं. या तिन्ही गोष्टींचं एकत्र काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ई-मेल ग्रुपवर पहिला मेल आला. अशा माणसाचा पुतळा आपल्या गेटवर हवाच का? संध्याकाळपर्यंत उत्तरांचा ढीग पडला. माझ्या वरच्या मजल्यावर नागपूरकडचा एक इंजिनियर राहायचा, त्याचं म्हणणं, “लीगली बघितलं तर तो कॉमन एरिया आहे. मेजॉरिटीनं डिसाइड करा ना, इमोशनल कशाला व्हायचं?” एका बाईंनी लिहिलं की माझी मुलगी रोज त्या गेटातून क्लासला जाते, मी तिला काय सांगू? त्यावर मी ऑफिसात बसून बराच वेळ विचार केला. त्या बाईंचं सोळा आणे बरोबर होतं. कुणीतरी लिहिलं की भाडेकरू विचारतात हा कोण, फ्लॅटची किंमत पडेल. ते वाचून मी इतकी चिडले की ‘तुमची किंमत अजून काय पडायची राहिली आहे’ असं उत्तर टाइप केलं, आणि पाठवलं नाही. म्हणजे काढायचा म्हणणारे मला चीड आणत होते, आणि ठेवायचा म्हणणारे तर त्याहून. ‘पुरावा काय’ हे दोन शब्द ज्यानं लिहिले त्याच्याशी मी आजतागायत लिफ्टमध्ये बोलत नाही.

त्या आठवड्यात एका सकाळी आई आरशासमोर उभी होती, बोटाला कुंकू लावलेलं. मी मागून जात होते, बस चुकणार म्हणून घाईत. तिनं आरशातूनच मला विचारलं, “हे लावू की नको?”

मी थांबले.  लाव म्हणावं तर त्याच हाताचं, नको म्हणावं तर पुन्हा त्या बांगड्या फोडणाऱ्या बायकांचं. “तुझं आहे ते,” मी म्हटलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. तिनं कुंकू लावलं. नेहमीपेक्षा बारीक.

रविवारी मावशी आली. आईनं ठरवूनच विषय काढला असणार, कारण पानं वाढायच्या आधीच ती म्हणाली, “तू पाहिलंस का टीव्हीवर? त्यांच्याविषयी काय वाट्टेल ते बोलतायत.”

मावशी वाटीत कोशिंबीर काढत होती. “खरं आहे,” म्हणाली.

“तुला काय माहीत?”

“मला माहीत आहे.”

“अगं, पण तू तर...” आई एवढंच बोलली. मावशीनं वर बघितलं. मी आईच्या तोंडाकडं बघत होते, आणि तिच्या डोक्यात काय चाललं आहे ते मला दिसत होतं, कारण माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं. तो, त्याला, त्याचं. इतक्या वर्षांचे सगळे ‘तो’ एकेक करून उलटे होत होते. चोराला म्हणतात तो ‘तो’. दारुड्याला म्हणतात तो. मावशीनं कधीच काही लपवलं नव्हतं. दर रविवारी, आमच्यासमोर बसून, ती त्या माणसाला काय समजते ते सांगत आली होती. आम्ही तिला भक्त ठरवून मोकळे झालो होतो.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला. परत आली तेव्हा तिनं वरण वाढलं आणि म्हणाली, “जेवा.” मावशी दोन घास जेवली आणि उठली. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आई रविवारी तिच्या वाटणीचे तांदूळ धुवायची, भात उरायचा, सोमवारी आम्ही फोडणीचा भात डब्यात न्यायचो. फोन करू का विचारलं तर “तुला करायचा तर कर” एवढंच. तिचा मावशीवर विश्वास बसला नव्हता, की बसला होता आणि म्हणूनच तिला तोंड दाखवायचं धाडस होत नव्हतं? मी तिच्यासोबत एका घरात राहत होते आणि मला कळत नव्हतं.

मी एकटीच वारज्याला गेले. मावशीला म्हटलं, “सोसायटीची सभा आहे. तो पुतळा काढायचा का ठेवायचा ते ठरणार आहे. तुझं काय म्हणणं?” मला वाटलं होतं, ती म्हणेल काढा, फोडा. तसं म्हणाली असती तर मी जाऊन हात वर केला असता, पास-फेल झालं असतं.

“माझी सोसायटी वारज्यात आहे,” ती म्हणाली. “इथं पाण्याचा प्रश्न आहे, त्यावर विचार माझं मत.”

“मस्करी करू नकोस.”

“मग काय करू? काढलात तर मला पेढे वाटायचेत का? आणि ठेवलात तर मी इतकी वर्षं गेलेच की समोरून.” तिनं माझ्यापुढं चिवडा ठेवला. मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, म्हणाली, “मला त्या सिमेंटचं काही पडलेलं नाही गं. मला ताई हवी आहे. ती खोटं म्हणाली तर मी काय करू, ते मला सांग.”

 मी चिवडा खाल्ला.

सभा पार्किंगमध्ये झाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. आई कधी सभेला यायची नाही, त्या दिवशी आली आणि मागच्या रांगेत बसली. आमचे अध्यक्ष सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, “कार्यवृत्तात शब्द कोणता घालायचा ते आधी ठरवू. पुतळा की मूर्ती?”

अर्धा तास त्यावरच गेला. पेठेतले एक गृहस्थ म्हणाले, मूर्ती असेल तर अशी उचलता येत नाही. उत्तरपूजा करून जागेवरून जराशी हलवावी लागते, म्हणजे तिच्यातला देव जातो, मग ती नुसती माती. गणपतीचं करतो तसंच. आणि पुतळा असेल तर ठराव पुरे. कुणीतरी विचारलं, “मग प्राणप्रतिष्ठा झाली होती का?” सगळ्यांनी शेतकरी काकांकडं पाहिलं. ते उभे राहिले.

“न्हाय केली. बाबाच न्हाय म्हणायचे. मला देव करू नका म्हणायचे, हे मला पटलं हाय, म्हणून पूजा न्हाय, मंत्र न्हाय. नुसतं बसीवलं.” मग म्हणाले, “माझी दारू त्यांनी सोडवली. पोरांना बाप मिळाला. हे बी खरं हाय का न्हाय? आता त्या बाया बोलतात, ते बी खरं असल. मी कुठं न्हाय म्हणतो? पन दोन खरं एका मानसात कसं बसवायचं ते तुमी शिकलेली मानसं सांगा.”

 नागपूरचा इंजिनियर म्हणाला, “काका, रिस्पेक्ट आहे, पण पॉइंट तो नाहीये.” मग पॉइंट कुठला, यावर चार माणसं एकदम बोलू लागली. माझी स्थिती अशी होती की जो बोलेल त्याचं म्हणणं मला पटायचं आणि तो बसला की त्याचा राग यायचा. प्राणप्रतिष्ठाच झाली नसेल तर त्यात काढून घेण्यासारखं काहीच नाही, हे पेठेतल्या गृहस्थांचं म्हणणं ऐकून मी मान हलवली, आणि लगेच मला आईचा चौथऱ्याला लागलेला हात आठवला. काहीच नव्हतं तर ती रोज कशाला हात लावत होती?

शेवटी अध्यक्ष बोलले. “आमच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. घरातले देव टोपलीत भरले आणि स्वतः नेऊन नदीत सोडले. आजी रडत होती, पण टोपलीला तिचाही हात होता. मी अनेकदा विचार करतो, दुसऱ्या कुणी येऊन ते देव काढले असते तर? आजीनं रात्रीतून परत आणून मांडले असते.” मग चष्मा पुसत म्हणाले, “मी कुणाला उपदेश करत नाही. त्या बायकांतल्या कुणाला रोज या गेटातून जावं लागत असेल, तर आपल्याला थांबण्याचा काय अधिकार, हेही मला समजत नाही. आपण मतदान घेऊ या.”

त्या बायकांसारखीच एक या गेटातून दर रविवारी येत होती, हे त्या पार्किंगमध्ये फक्त मला आणि आईला माहीत होतं. मी मागं वळून पाहिलं. आई मांडीवर हात ठेवून बसली होती. तिनं कुठल्याच वेळी हात वर केला नाही. मीही केला नाही, आणि तटस्थ म्हणून माझं नाव लिहिलं गेलं, याचा मला अजून राग येतो. तटस्थ मी मुळीच नव्हते.

मतं बरोबरीत पडली. तेव्हा पुणेकर जे करतात तेच झालं, विषय पुढील सभेवर. तोपर्यंत पुतळा झाकून ठेवावा, असं ठरलं. रंगारी इमारतीला लावतात ती हिरवी जाळी कुणाकडं तरी उरली होती, ती बाबांवर बांधली. जाळीतून वर केलेला हात तेवढा टोकदार दिसायचा. पूर्वी ज्यांनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं ते आता थांबून विचारायचे, आत काय आहे. काका जाळीबाहेरून पाया पडायचे. क्लासला जाणाऱ्या त्या मुलीच्या आईनं मुलीला काय सांगितलं, मला माहीत नाही. पुढील सभा अनेक झाल्या, पाण्याच्या टँकरवर, कुत्र्यांवर, पार्किंगवर. जाळी उन्हानं पांढरी पडली. तिच्या आत काय ठेवायला हवं आणि काय काढायला हवं, मला आज विचारलंत तरी मी आधी चिडेन आणि मग गप्प बसेन.

जाळी बांधली त्याच्या पुढच्या रविवारी आईनं तांदूळ धुतले नाहीत. साडी बदलून आली आणि म्हणाली, “गाडी काढ. वारज्याला जाऊ.”

 मावशीनं दार उघडलं, आम्हाला पाहून बाजूला झाली, पंखा लावला. चहा झाला. दोघी बहिणी सोफ्याच्या दोन टोकांना, आणि मी वेताच्या मोड्यावर. आई कपाकडं बघत होती.

“मला का नाही सांगितलंस?” तिनं विचारलं. आवाजात राग होता. मला वाटतं तो आणल्याशिवाय तिला विचारताच आलं नसतं.

“सांगितलं होतं,” मावशी म्हणाली.

“कधी?”

“त्याच दिवशी. मठातून आले तेव्हा तू पोळ्या लाटत होतीस. ही तिथंच अभ्यास करत बसली होती.” तिनं माझ्याकडं बोट केलं. मला काहीच आठवत नव्हतं. “मी म्हटलं, ताई, त्यानं आज मला एकटीला आत बोलावून घेतलं आणि दार लावलं. तू पोळी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस, ‘भाग्य लागतं त्याला.’”

 मला वाटलं, आई आता नाही म्हणेल. असं मी बोललेच नाही, म्हणेल. तिच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं. तिनं कप खाली ठेवला, पदरानं हात पुसले, हाताला काही लागलेलं नसताना.

“आठवतंय,” ती म्हणाली. “तू तिथंच उभी राहिलीस. मी म्हटलं, बाजूला हो, तवा तापलाय.”

मावशीचा चेहरा वाकडा झाला. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ती पुरतं रडली नाही. आई उठली, सोफ्याच्या मधल्या जागेवर येऊन बसली. तिला जवळ घेतलं नाही, हातही धरला नाही. आमच्याकडं ती पद्धत नाही.

“आता मी काही करत नाहीये,” आई म्हणाली. “पुढचं सांग.”

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मी उठले, कप विसळायला नेऊन ठेवले, आणि खाली थांबते म्हणून बाहेरच्या खोलीतून निघाले. जाताना दार लावून घेऊ का, असं मी विचारलं.

“उघडंच राहू दे,” मावशी म्हणाली. मी तसंच उघडं ठेवून जिना उतरले.